एक गाणं राहिलंय

माझ्या वडिलांचं हॉटेल बंद होऊन तीसेक वर्षं झाली, पण ते बंद झालंय असं म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. म्हटलं की आबा माझ्याकडे असे बघत, जणू मीच पेटत्या भट्टीवर पाणी ओतून आलोय. रोज दिवेलागणीला ते जिना उतरून खाली जात, हॉटेलच्या रिकाम्या खोलीत खुर्ची ओढत, कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे तोंड करून बसत आणि म्हणत, "एक गाणं राह्यलंय अजून."

ताडपत्रीखाली जूकबॉक्स होता. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाटाएवढं यंत्र, वर काच, आत रेकॉर्डींची उभी रांग. चार आण्यांचं नाणं टाकायचं, हव्या त्या गाण्याचं बटण दाबायचं, मग आतला लोखंडी हात सरकत जाऊन नेमकी तीच रेकॉर्ड उचलायचा आणि सुईखाली आणून ठेवायचा. आबांनी तो पुण्यातल्या एका मोडीत निघालेल्या हॉटेलातून आणला होता, ट्रकमध्ये पेंढ्यावर निजवून. आमचं हॉटेल कोल्हापुरात, एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्यावर होतं. खाली हॉटेल, वर आम्ही. तालमीतली पोरं अंगाची माती पुरती न झटकता यायची, दूध प्यायची आणि कुणाच्या नाण्यावर कुणाचं गाणं यावरून हमरीतुमरीवर यायची.

आबांचा एक नियम होता. नाणं पडलं की गाणं वाजलंच पाहिजे, त्याशिवाय शटर खाली यायचं नाही. गिऱ्हाईक उठून गेलं असलं तरी. रिकाम्या हॉटेलात गाणं चालू असायचं आणि आबा खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकत ते ऐकायचे. संपलं, की राहिल्यासाहिल्यांना म्हणायचे, "चला पावणं, बंद करायचं हाय." ज्याची शेवटची एसटी चुकली असेल त्याला बाहेरच्या पायरीवर झोपायची मुभा होती. त्याच्यासाठी आईनं जुन्या लुगड्यांची एक वेगळी वाकळ शिवून ठेवली होती. तिला सगळ्या तालुक्यांच्या विड्यांचा वास यायचा. आम्हा भावंडांना ती अंगावर घ्यायची बंदी होती, ती पाहुण्यांची होती.

पुढे कॅसेटी आल्या, पानपट्टीवर फुकटात गाणी वाजू लागली, चार आणे कोण टाकतंय? आबांनी हॉटेल गुंडाळलं आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कँटीन सांभाळायला घेतलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होते. जूकबॉक्सचं नाव त्या सगळ्या वर्षांत त्यांनी काढलं नाही. आई गेली, त्यांच्या डोक्यातल्या गोष्टींची जागा बदलायला लागली आणि मागचं सगळं पुढे येऊन बसलं.

आईच्या दिवसकार्याला मी पंधरा दिवसांची रजा काढून पुण्याहून आलो होतो. त्या पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. बायकोची नोकरी पुण्यात, लेक बारावीत, तीही पुण्यात, आणि मी इथं वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचो, एक कान जिन्याकडे लावून. आबांना एकटं सोडायची सोय नव्हती. दूध आणायला गेलो तरी परतताना पाय आपोआप पळायला लागायचे. महिन्यातून एखाद्या रविवारी ताई आली की मी पुण्याला जाऊन यायचो, तेही लग्नाला आलेल्या परक्या माणसासारखा, जेवून हात धुवेपर्यंत परतीची वेळ. "कळंब्याच्या जेलातल्या माणसाला निदान सुटायची तारीख तरी माहीत असते," असं मी एकदा बायकोला फोनवर म्हणालो. ती म्हणाली, "त्याला जेवलास का म्हणून कुणी विचारत नाही." ते खरं होतं. आबा सगळं विसरले तरी मला विसरले नव्हते. दिवसातून दहा वेळा "अरं, जेवलास का?" चालायचं. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

ताई माझ्याहून मोठी, कुरुंदवाडला दिलेली. घर मोठं, अंगण मोठं, मनही मोठं. "आण की त्यास्नी हिकडं," ती कायम म्हणायची. "गुरं हाईत, माणसं हाईत, रमतील." दोनदा नेलं. सकाळी आबा आनंदानं गाडीत बसले, दुपारी पोटभर जेवले, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. दिवेलागण झाली आणि उठले. "जातो. गिऱ्हाईक बसलंय. गाणं राह्यलंय त्याचं." पहिल्या वेळी फाटकातून परत आणलं. दुसऱ्या वेळी ते कुणाला दिसलेच नाहीत. अंधारात नदीकडच्या रस्त्यावर सापडले, एका पायात चप्पल, कोल्हापूरच्या उलट्या दिशेला चाललेले. ताईनं त्या रात्री मला फोन केला आणि नुसती रडली. मग म्हणाली, "माझी ना न्हाय रं. पर त्यांचं ते गाणं एकदाचं मिटीव. त्याबिगर मला त्यास्नी ठिवून घ्यायचं धाडस हुईना."

आबांना आणलं आणि मी मागच्या दाराला कुलूप बसवलं. किल्ली दाराच्या आतल्या बाजूला चौकटीवरच्या खिळ्याला, त्यांची नजर जाणार नाही अशी. पुढचं शटर मी स्वतः ओढायचो. मी त्यांना कोंडत होतो आणि त्यांच्याबरोबर स्वतःलाही. त्यात ऑफिसनं कळवलं, दिवाळीनंतर घरून काम बंद, जागेवर या नाहीतर राजीनामा द्या.

त्यांचं ते गाणं काय होतं, हे मला तोंडपाठ होतं. रोज ऐकत होतो ना. हॉटेलच्या शेवटच्या संध्याकाळी एक पाहुणा आला. गावाचा पत्ता नाही, पांढरी टोपी, हातात पिशवी. त्यानं नाणं टाकलं, बटण दाबलं, मशीन घरघरलं आणि आतल्या आत अडकलं. आबा म्हणाले, थांबा, आत्ता वाजतंय. पाहुणा थांबला. एसटीचा भोंगा वाजला तसा उठला. आबा नाणं परत द्यायला लागले तर म्हणाला, राहू दे, गाणं ऐकायला येतो की परत. आणि गेला. त्या दिवशी शटर खाली आलं ते नियम मोडून. एवढीच गोष्ट. मी ती डोक्यातला गोंधळ म्हणून सोडून देत होतो. पण ताईचा फोन आणि ऑफिसचा निरोप एकाच आठवड्यात आले, आणि एका रविवारी सकाळी मी ताडपत्री ओढून काढली. हेतू उदात्त वगैरे काही नव्हता. मला सुटायचं होतं.

मागचं झाकण काढलं तेव्हा उंदरांची घरटी निघाली, गंजलेल्या तारा निघाल्या, आणि लोखंडी हात दिसला. तो मधेच थांबलेला होता. त्याच्या चिमट्यात एक रेकॉर्ड होती, अर्धी रांगेत, अर्धी बाहेर. नाण्याच्या डब्यात एकच नाणं होतं, चार आण्यांचं. मी खाली फरशीवर बसलो. आबा शेजारी उभे राहून म्हणाले, "बघ. सांगतोय तवा खरं वाटत न्हाय तुला."

खरं तर त्याच क्षणी ती रेकॉर्ड बाजूला काढून ठेवायची होती. एवढी साधी गोष्ट. पण मला कामाचा झपाटा चढला होता. सगळ्या रेकॉर्डी काढल्या, शंभराच्या आसपास होत्या, आणि आई पैठणीला घालायची तसं रिठ्याचं कोमट पाणी करून घमेल्यात बुडवल्या. बारीकसारीक माती, बुरशी, सगळं निघालं. त्याबरोबर मधले कागदही निघाले, ज्यांच्यावर गाण्यांची नावं होती. घमेल्यात लाल-पिवळा लगदा तरंगत होता आणि गच्चीवरच्या खाटेवर पापडांसारख्या काळ्या रेकॉर्डी वाळत होत्या, एकीसारखी दुसरी. त्यातली चिमट्यातली कुठली, हे देवालाही सांगता आलं नसतं. मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

यंत्राचं दुखणं वेगळं होतं. हात हलवणाऱ्या गिअरचे दाते झिजून, तडकून गेले होते. तो हलक्या धातूचा असतो, जुना झाला की बिस्किटासारखा तुटतो. तो सुटा भाग आता जगात कुठे मिळतो हे शोधण्यात मी महिना घालवला. मग शिरोलीला गेलो, शाळेतल्या एका मित्राचं तिथं वर्कशॉप आहे. त्यानं ते तुकडे तळहातावर घेऊन पाहिले. "लेका, लोक बापाला काशीला न्हेत्यात, आन् तू हे काय काढलंयस?" म्हणाला. पण ठेवून घेतले. दर आठवड्याला फोन केला की, "उद्या बघ की." त्याचं उद्या दसऱ्यापर्यंत चाललं. शेवटी पितळेचा गिअर आला, मूळचा नव्हता इतका देखणा. सुई मागवली, व्हॉल्व्ह जुन्या बाजारातल्या रेडिओवाल्याकडे निघाले, परदेशी यंत्राला आपली वीज सोसत नाही म्हणून लावलेला जुना ट्रान्सफॉर्मर जळाला होता, तो नवा बसवला. संध्याकाळी ऑफिसचं काम आटोपून मी खाली उतरायचो आणि आबा खुर्चीत बसून माझ्यावर मुकादमी करायचे. "त्यो स्क्रू आवळ. अरं हळू. जेवलास का?" कधी कधी मला वाटायचं, हे असंच चालू राहिलं तरी चालेल. आणि लगेच लेकीचा मेसेज यायचा, बाबा कधी येणार, आणि डोक्यात परत कुलूप पडायचं.

दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना यंत्र सुरू झालं. काचेमागचे दिवे लागले, लाल आणि हिरवे. मी तेच चार आण्यांचं नाणं टाकलं, एक बटण दाबलं, हात सरकला, रेकॉर्ड उचलली आणि ठेवली. एका बाईचा खडा आवाज खोलीभर झाला. आबांनी मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "ह्ये न्हवं."

दुसरी लावली. "ह्ये बी न्हवं." तिसरी. त्या संध्याकाळपासून आमचा तोच धंदा. मी नाणं डब्यातून काढायचो, परत टाकायचो, आबा पहिल्या चार सुरांतच मान हलवायचे. मग त्यांना पाहुण्याची आठवण व्हायची, "थांबा, आत्ता वाजतंय," असं ते दाराकडे बघून म्हणायचे, आणि मला त्यांच्या अगतिकपणाची इतकी चीड यायची की मी मुद्दाम मोठ्यानं हातोडा आपटायचो. सगळ्या रेकॉर्डी संपल्या. गाणं त्यांत नव्हतं. मी ताईला फोन केला, म्हणालो, झालं, आता काही होत नाही, नोकरी सोडतो. तिनं विचारलं, "सगळ्या लावल्यास?" मी म्हणालो, सगळ्या. वाकलेल्या तेवढ्या सोडून.

बोलता बोलता मी थांबलो. वाळवताना चार-पाच रेकॉर्डी वाकड्या निघाल्या होत्या. सुई उडेल म्हणून मी त्या भंगारवाल्यासाठी पिशवीत भरून दारामागे टांगल्या होत्या. उन्हानं वाकल्या असतील असं मी धरून चाललो होतो. पण जी रेकॉर्ड तीस वर्षं अर्धी चिमट्यात आणि अर्धी बाहेर लोंबत होती, ती सरळ कशी राहील?

फोन तसाच वर ठेवला आणि खाली आलो. पिशवीतल्या एका रेकॉर्डीच्या काठाला चिमट्याचा दाब होता, नखानं कळेल एवढा. शटर अर्धं उघडं होतं, बाहेर रस्त्यावर आकाशकंदील विकणाऱ्यांची गर्दी. मी रेकॉर्ड रांगेत लावली, नाणं टाकलं. लोखंडी हातानं ती उचलली. सुई टेकली आणि वर-खाली झोके घेत, एखाद्या म्हाताऱ्यानं दम खात म्हणावं तसं गाणं सुरू झालं. बासरी होती, मागे टाळ होते, मी ते आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

आबा उठून उभे राहिले. गाणं चालू असताना त्यांनी खोलीतल्या दोन खुर्च्या उचलल्या आणि एकुलत्या एका टेबलावर उलट्या टाकल्या. पद्धत तीच, आधी पाठ, मग पाय. शेवटचा सूर विरला, लोखंडी हातानं रेकॉर्ड परत नेऊन ठेवली आणि दिवे मंद झाले. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आई असतानाही पाहिला नव्हता.

"आलासा शेवटी," ते म्हणाले. "लई वाट बघाय लावलीसा, पावणं. वाजलं का न्हाय गाणं?"

मी म्हणालो, "आबा, मी हाय."

"वाजलं का न्हाय?"

"वाजलं."

"मग चला. बंद करायचं हाय."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला दाराकडे नेलं, गिऱ्हाइकाला नेतात तसं, अदबीनं. मी म्हटलं, जाऊ दे, त्यांच्या मनासारखं होऊ दे, आणि वाकून शटरखालून पायरीवर आलो. मागे धाडकन आवाज झाला. शटर खाली आलं होतं. आतून कडी लागल्याचाही आवाज आला.

मी मागच्या दाराकडे धावलो आणि वाटेतच आठवलं, ते कुलूप मीच लावलंय आणि किल्ली आत खिळ्याला आहे. फोन वर. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी. रस्ता समोर मोकळा होता. स्टँडवरून पुण्याच्या गाडीची पुकार ऐकू येत होती. खरं सांगतो, एक क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी घराबाहेर होतो आणि घरात काय चाललंय ही माझी जबाबदारी नव्हती.

ते फार टिकलं नाही. मी परत पुढे आलो आणि शटरवर दोन्ही हातांनी थापा मारायला लागलो. "आबा, उघडा. आबा, मी हाय की!"

"कोण?" आतून आवाज आला.

मी माझं नाव सांगितलं. मी परत सांगितलं. तेवढ्यात आतला दिवा गेला.

आठ दिवसांनी आबा ताईच्या गाडीत बसले आणि कुरुंदवाडला गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दिवेलागणीला तिथल्या अंगणात ते आता शांत बसतात. कुठे जायचं म्हणत नाहीत. ताईला ओळखतात. मी दिवाळीनंतर कामावर रुजू झालो. मी भेटायला गेलो की ते उठून उभे राहतात, या म्हणतात, पाणी द्यायला सांगतात. जेवलास का, असं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही.

पण त्या संध्याकाळी मला हे काहीच माहीत नव्हतं. थापा मारून हात दुखले तसा मी पायरीवर बसलो आणि मोठ्या माणसानं रस्त्यात रडू नये तसा रडलो. आकाशकंदीलवाले आवराआवर करायला लागले. बऱ्याच वेळानं मागे कडी वाजली. शटर वीतभर वर झालं, खालून आबांचा हात आला आणि एक घडी केलेली वाकळ पायरीवर सरकवून आत गेला. आईनं शिवलेली, पाहुण्यांची. त्यांनी ती कुठून शोधून काढली कुणास ठाऊक, मी तर ती हरवली असंच समजत होतो.

"यष्टी चुकली न्हवं का," ते आतून म्हणाले. "पडा हितंच, पावणं. सकाळच्याला जावा घरी."

मी वाकळ अंगावर ओढून घेतली. अजूनही तिला विड्यांचा वास होता.

"व्हय," मी म्हणालो. "सकाळी जातो."